नांगर सुटला, पट उरला

११ जुलै २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने राजपत्रात एक छोटी अधिसूचना छापली. प्राण्यांचा छळ रोखणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या बाविसाव्या कलमाखाली सरकार प्राण्यांची एक यादी जाहीर करते, आणि ज्याचे नाव यादीत येते त्याचे खेळ करायला आणि खेळासाठी त्याला शिकवायला मनाई होते. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह अशी ती यादी होती. सगळी मंडळी सर्कशीच्या तंबूतली, नाहीतर दरवेशाच्या दोरीची. त्या दिवशी तिच्यात बैलाची भर पडली. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळात खांदेपालट झाला आणि पर्यावरणमंत्री जयराम रमेश ग्रामविकास खात्यात गेले. मागे राहिलेल्या त्या अधिसूचनेने महाराष्ट्रातल्या शेकडो जत्रांचे वेळापत्रक बिघडवले.

या यादीत आधीही एकदा असाच घोळ झाला होता. १९९१ मध्ये ती पहिल्यांदा निघाली तेव्हा तिच्यात कुत्राही होता. सर्कसवाले दिल्ली उच्च न्यायालयात गेले, समिती बसली, आणि १९९८ मध्ये यादी नव्याने आली तेव्हा कुत्रा वगळला गेला होता. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती यादी कायम केली. म्हणजे कुत्रा सुटला आणि तेरा वर्षांनी बैल अडकला. फरक एवढाच की सर्कशीचा कुत्रा मोजक्या तंबूंपुरता होता. बैल गावोगावच्या दावणीला होता, आणि परभणीसारख्या जिल्ह्यात तर त्याच्यावाचून शेतीचे पानही हलत नव्हते.

पुढची बारा वर्षे हा वाद मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या न्यायालयांत चालला. अखेर १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने शर्यतींना मान्यता देणारे राज्यांचे कायदे वैध ठरवले. शर्यत जिंकली, गावोगाव गुलाल उडाला. पण ज्या बारा वर्षांत बैलाला पळवावे की नाही यावर खल चालला होता, त्याच बारा वर्षांत मराठवाड्याच्या शेतातून बैल निघून जात होता. या प्रकरणाचा इतिहास लिहायचा तर या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवूनच लिहायला हवा.

काळ्या रानातला पट

महाराष्ट्रात बैलांची शर्यत एकच एक नाही. पुणे जिल्ह्यात खेड, जुन्नर, आंबेगावकडे बैलगाडा घाटात पळतो. तिथे घाट म्हणजे चढणीची बांधीव धावपट्टी, गाड्याला चार बैल आणि पुढे घोडी. सांगली, सातारा, कोल्हापूरकडे हलकी छकडी आणि खिलार बैल. गट, सेमी, फायनल अशा पायऱ्या चढत तिथे बैलजोडी गुलालापर्यंत पोहोचते. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या मराठवाड्याच्या पट्ट्यात या खेळाला शंकरपट म्हणतात, बोलताना नुसता पट. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट पिढ्यानपिढ्या नावाजलेला आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीत तर दिवसा पट आणि रात्री नाटक अशी जोडी ठरलेली. जंगलाच्या कडेची ती गावे पट पाहायला आलेल्या पाव्हण्यांसाठी रात्रभर दंडार आणि नाटके करत आली, आणि त्यातून झाडीपट्टी रंगभूमी नावाची एक अख्खी व्यावसायिक रंगभूमी उभी राहिली.

परभणी जिल्हा या पटाच्या मुलखाच्या दक्षिण टोकाला येतो. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या तीन नद्यांचे हे खोरे. उत्तरेला जिंतूरच्या टेकड्या सोडल्या तर बाकी सपाट, खोल काळी जमीन. पौषात कापूस वेचून झाला, पऱ्हाटी उपटली की रान मोकळे होते. देवाच्या जत्रा, दर्ग्यांचे उरूस आणि महाशिवरात्र याच हंगामात येतात, आणि पटही याच हंगामातला. रान पाहून सरळ पट्टा निवडायचा, ढेकळे फोडून दिंड फिरवायचा, पाणी शिंपडायचे, दोन्ही बाजूंना दोर किंवा बांबू लावायचे. ही झाली दाण. तिच्यावर जोडी सोडायची आणि घड्याळ लावायचे.

दाणीच्या तोंडाशी उभे राहिले की या खेळाचा अर्क कळतो. जोडी आणताना तिच्या डोळ्यांवरून पंचा फिरवला जातो, कपाळावर हात ठेवून कोणी पुटपुटत असतो. गाडी म्हणजे नुसता सांगाडा असतो, तिच्यावर ओझे फक्त धुरकऱ्याचे. त्याने गुडघे दुमडून धुरेवर जागा घेतलेली, दोन्ही कासरे एका मुठीत. दोघे-तिघे गडी वेसणीजवळ बैलांना थोपवून धरतात. बैल तापलेला असतो. मागचे खूर मातीत रुततात, नाकपुड्या फुलतात. झेंडा पडतो, गडी बाजूला उडी मारतात, आणि पुढचे सगळे काही सेकंदांत आटोपते. प्रेक्षकाला दिसतो तो धुळीचा लोट आणि त्यातून डोकावणारी दोन वशिंडे. खरी कसोटी दाण संपल्यावर लागते, कारण सुटलेली जोडी आवरणे हे तिला सोडण्यापेक्षा अवघड. पूर्वी पंच हातातल्या घड्याळावर वेळ धरत आणि त्यावरून भांडणे होत. आता दोन्ही टोकांना सेन्सर असतो आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत जातो. भांडणे कमी झालेली नाहीत. ती आता यंत्र कुणी लावले यावरून होतात.

हा हौशीचा खेळ होता, आणि हौस परवडणाऱ्याचाच होता. पटाच्या जोडीला औताला जुंपत नाहीत. तिला सरकी, पेंड, उडदाचे पीठ, दूध असा खुराक लागतो, सांभाळायला वेगळा माणूस लागतो. ज्याच्या घरी चार-सहा बैलांची दावण होती, तो त्यातली एक जोडी पटासाठी राखत असे. बाकीचे शेतकरी पोळ्याला खांदेमळणी करून, शिंगांना बेगड लावून, झूल पांघरून आपली हौस भागवत. पट पाहायला मात्र सगळेच जात, कारण प्रत्येकाच्या गोठ्यात बैल होता आणि पळणाऱ्या बैलाची पारख प्रत्येकाला होती. दात पाहून वय, खूर पाहून दम आणि खांदा पाहून ओढ सांगणारे लोक गावोगाव होते. प्रेक्षकच जाणकार असल्यामुळे पटाला रंग चढत असे.

वेगाचा बैल, ओढीचा बैल

बैलाला पळवण्याची कल्पना जत्रेतून आलेली नाही. दख्खनच्या इतिहासात वेगवान बैल हे युद्धाचे साधन होते. तोफा, दारूगोळा आणि धान्य वेळेवर पोहोचवायचे तर घोड्यांपेक्षा बैलांवर भिस्त ठेवावी लागे. म्हैसूरच्या अमृतमहालात सैन्यासाठी खास बैल पैदा केले जात. हैदर अलीच्या झपाट्याच्या कूचांचे श्रेय इंग्रजांच्या काळातल्या नोंदी या बैलांना देतात. १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली दख्खनेत उतरला आणि परभणीच्या शेजारच्या जालना मुलखात असईची लढाई झाली. त्या मोहिमेतल्या त्याच्या पत्रांत बैलांची चिंता पुन:पुन्हा येते: किती मिळाले, किती मेले, किती चालू शकतात. माणदेशातल्या खिलार जातीचे मूळ याच म्हैसूरकडच्या रक्तात शोधतात. वर्धा-नागपूरकडची गवळाऊ जातही चपळ. डोंगराळ मुलखातून वेगाने माल हलवायला मराठ्यांच्या फौजा ती वापरत. आज शर्यतीत दिसणारे पळीचे बैल बहुतांशी या वंशांचे आहेत.

परभणीचा स्वतःचा बैल वेगळा. नांदेड, लातूर आणि परभणी या जिल्ह्यांत मिळून लाल कंधारी नावाची जात आहे. गडद तांबडा रंग, रुंद कपाळ, लांब लोंबते कान आणि बाजूला वळलेली शिंगे. हा बैल वेगासाठी पोसलेला नाही. काळी जमीन पावसात चिकट होते आणि उन्हाळ्यात दगडासारखी घट्ट. तिच्यात नांगर घालायचा, तिच्यावरून भरलेली गाडी काढायची तर ओढ लागते आणि दिवसभर पुरणारा दम लागतो. लाल कंधारी त्यासाठी घडला.

निजामाच्या राज्यात विसाव्या शतकाच्या तोंडावर मनमाड-सिकंदराबाद रेल्वे परभणीवरून गेली आणि या बैलाला आणखी एक काम मिळाले. सेलू आणि मानवतला कापसाच्या बाजारपेठा वाढल्या, जिनिंगचे कारखाने आले. हंगामात कापसाने भरलेल्या गाड्यांच्या रांगा पहाटेपासून बाजाराकडे लागत. भर रात्री निघालेल्या गाड्या, खाली लोंबता कंदील, मागच्या गाडीला पुढच्या गाडीचा आधार आणि गाडीवान अर्धवट झोपेत. रिकाम्या गाड्या परतताना मात्र कुणाचा बैल पुढे जातो यावर पैजा लागत. शर्यतीचे मूळ शोधायचे तर ते कुठल्या राजाच्या हुकुमात शोधण्यापेक्षा अशा परतीच्या रस्त्यांवर शोधणे बरे. काम करणाऱ्या जनावराची ताकद मोजण्याची ती रांगडी रीत होती.

न्यायालयात बैल

अधिसूचना निघाल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये ती उचलून धरली आणि राज्य सरकारने शर्यती बंद करण्याचे परिपत्रक काढले. तमिळनाडूत त्या वेळी जल्लिकट्टूसाठी, म्हणजे मोकळ्या सोडलेल्या बैलाला आवरण्याच्या खेळासाठी, २००९ चा राज्याचा कायदा होता. दोन्हीकडची प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात एकत्र आली. ७ मे २०१४ रोजी न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि पिनाकी चंद्र घोष यांनी निकाल दिला. तमिळनाडूचा कायदा रद्द झाला, जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडी शर्यती दोन्ही बंद झाल्या.

या निकालाला गावात 'शहरी लोकांचा निकाल' म्हणून हिणवले गेले, पण त्यातली साक्ष खोटी नव्हती. प्राणी कल्याण मंडळाने शर्यतींचे अहवाल न्यायालयापुढे ठेवले होते. शेपूट पिरगाळणे, शेपटीला चावा घेणे, खिळे मारलेल्या काठीने टोचणे, विजेचा झटका देणे, हे प्रकार त्यात नोंदलेले होते. पटावर गेलेल्या कुणालाही यातले काही नवे नव्हते. बैल हाकायच्या काठीच्या, पराणीच्या, टोकाला आर असतेच. शेतात ती बैलाला नुसती दाखवली जाते, पटावर ती रुतते. हातात बॅटरी लपवून आणणारे धुरकरी माहीत असायचे आणि पंच डोळेझाक करायचे. चांगले शौकीन अशा धुरकऱ्याला नावे ठेवत, पण बक्षीस त्याचे थांबत नसे. खेळाने स्वतःची शिस्त स्वतः लावली असती तर न्यायालयाला ती लावावी लागली नसती.

निकालाचा दुसरा आधार बैलाच्या शरीराचा होता. घोडा पळण्यासाठी घडलेला आहे, बैल नाही. त्याला पळवायचे तर भीती किंवा वेदना लागते, असा हा युक्तिवाद. शेतकऱ्याला तो पटला नाही. रानात सोडलेला गोऱ्हा शेपटी वर करून उधळतो, तो कुणाच्या भीतीने, असा त्याचा सवाल होता. पुढे राज्य सरकारने बैलाच्या पळण्याच्या क्षमतेवर तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिचा अहवाल न्यायालयात दिला, तो याच मुद्द्यावर.

त्यानंतरची वर्षे धरसोडीची. ७ जानेवारी २०१६ रोजी केंद्राने नवी अधिसूचना काढून जल्लिकट्टूला आणि महाराष्ट्र, कर्नाटक, पंजाब आदी राज्यांतल्या बैलगाडी शर्यतींना अटींसह मुभा दिली. धाव दोन किलोमीटरपेक्षा लांब नको, ही त्यातली एक अट. संक्रांतीच्या तोंडावर लोक खूश झाले, पण पाचच दिवसांत, १२ जानेवारीला, सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. वर्षभराने चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर लाखो तरुण उतरले आणि तमिळनाडूने विधानसभेत कायदा दुरुस्त करून जल्लिकट्टू परत आणले. महाराष्ट्राने तीच वाट धरली. एप्रिल २०१७ मध्ये विधिमंडळाने दुरुस्ती विधेयक मंजूर केले, राष्ट्रपतींची संमती आली, कायदा झाला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाचा दाखला, चाबूक-काठी-विजेला मज्जाव आणि छळ झाला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

तरीही पट सुरू झाला नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नियम तयार होईपर्यंत परवानग्या देऊ नका असे सांगितले. सरकारने नियम केले, तेव्हा नियमांनी बैलाचे शरीर बदलत नाही, या भूमिकेवर न्यायालय ऑक्टोबरमध्येही ठाम राहिले. राज्य सरकार दिल्लीला गेले. फेब्रुवारी २०१८ मध्ये जल्लिकट्टूसह सगळा विषय घटनापीठाकडे सोपवला गेला आणि तिथे तो पडून राहिला. तमिळनाडूत जल्लिकट्टू चालू, कर्नाटकात रेड्यांची कंबाळा शर्यत चालू, महाराष्ट्रात पट बंद. या विसंगतीचा राग गावांत साचत गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या झरे गावी आमदार गोपीचंद पडळकर यांनी बंदी आणि संचारबंदी झुगारून शर्यत भरवली. पोलिसांनी रस्ते अडवले होते. शर्यत पहाटे आडबाजूच्या रानात झाली. बैलाचा प्रश्न तोवर पुरता राजकारणाचा झाला होता.

त्याच वर्षांत शेतात

न्यायालयाच्या तारखांच्या जोडीला शेतातल्या तारखाही मांडून पाहाव्यात.

२०१२ पासून मराठवाड्यावर दुष्काळाचे फेरे आले. २०१४ आणि २०१५ असे लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आणावी लागली. माणसाला पाणी रेल्वेने येते तिथे जनावराच्या हौदाची काय कथा. कडब्याचे भाव चढले. खरे तर कडबाच कमी झाला होता, कारण ज्वारीच्या जागी सोयाबीन आले होते. सोयाबीन पैसा देते, कडबा देत नाही. परभणीच्या रानातला हा पीकबदल बैलाच्या गव्हाणीपर्यंत पोहोचला.

मार्च २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला. गायीची कत्तल आधीपासून बंद होती. आता बैल आणि वळूही त्यात आले. तोवर थकलेला बैल विकून त्या पैशांत भर घालून शेतकरी नवी जोडी आणत असे. बैलबाजाराचे सगळे चक्र या उलाढालीवर फिरत होते. म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा नवा घेताना शेतकरी दहादा विचार करू लागला. एका कायद्याने बैलाला पळवणे बंद केले होते, दुसऱ्याने त्याला विकणे अवघड केले. दोन्ही कायदे बैलाच्या भल्यासाठीच होते.

तोवर ट्रॅक्टर दारात येऊन उभा राहिला होता. तासाच्या भाड्याने नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी, मळणी, सगळे तोच करू लागला. बैलाला वर्षभर खाऊ घालावे लागते आणि काम असते फार तर चार महिन्यांचे. ट्रॅक्टरला काम नसेल तेव्हा डिझेल लागत नाही. सालगडी मिळणे अवघड झाले, शेतकऱ्याची मुले शिकायला परभणी, नांदेड, पुण्याला गेली. पहाटे चार वाजता उठून वैरण टाकायला घरात म्हातारा-म्हातारीशिवाय कोणी राहिले नाही. पशुगणनेचे आकडे हेच सांगतात. २०१२ मध्ये महाराष्ट्रात गायी-बैल मिळून सुमारे १ कोटी ५५ लाख होते. २०१९ च्या गणनेत ते सुमारे १ कोटी ४० लाखांवर आले. सात वर्षांत पंधरा लाखांची घट. या एकूण संख्येत दुधाच्या संकरित गायींची भर पडली असेल, तर कष्टाच्या देशी बैलाची घट याहून मोठी धरायला हवी.

या घटीवर खटला चालला नाही. शर्यतीच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र आवर्जून केला जाई: शर्यत टिकली तर देशी जाती टिकतील. शर्यत बंद असल्याने खोंडांना भाव नाही, म्हणून लोक ते पोसत नाहीत. खिलारच्या बाबतीत यात तथ्य होते. लाल कंधारीच्या बाबतीत ते अर्धेच खरे, कारण लाल कंधारी मुळात शर्यतीवर जगत नव्हता. तो नांगरावर जगत होता.

बर्फातली कुत्री

जगाच्या दुसऱ्या टोकाला हीच गोष्ट आधी घडून गेली आहे, आणि ती त्याच यादीतून सुटलेल्या प्राण्याची आहे. अलास्कात हिवाळ्यात नद्या गोठतात, रस्ते बंद होतात. तिथली टपाल, औषधे आणि धान्य कुत्र्यांच्या घसरगाड्या वाहत. जानेवारी १९२५ मध्ये नोम गावात घटसर्पाची साथ आली. विमान उडण्यासारखी हवा नव्हती. नेनाना स्थानकापासून नोमपर्यंत ६७४ मैल, जंगल आणि गोठलेल्या नद्यांच्या वाटेने, वीस चालकांनी आळीपाळीने कुत्री हाकत साडेपाच दिवसांत औषध पोहोचवले. त्या कुत्र्यांचे पुतळे झाले.

पुढे टपाल विमानाने जाऊ लागले. १९६० च्या दशकात बर्फावर चालणारी मोटारगाडी गावोगाव आली आणि घरामागची कुत्री दिसेनाशी झाली. जो रेडिंग्टन नावाच्या माणसाला हे पाहवले नाही. त्याच्या पुढाकाराने १९७३ मध्ये अँकरेज ते नोम अशी हजार मैलांची इडिटारोड शर्यत सुरू झाली. पहिल्या विजेत्याला सुमारे वीस दिवस लागले. आताचे विजेते आठ-दहा दिवसांत पोहोचतात. कुत्री टिकली, पण बदलली. ओझे वाहणाऱ्या जाड कुत्र्याच्या जागी हलके, चपळ, शर्यतीसाठीच पैदा केलेले कुत्रे आले. गावकऱ्याच्या अंगणातून ते खर्चिक पैदासकाराच्या आवारात गेले. प्राणिमित्रांची आंदोलने तिथेही झाली आणि मोठे प्रायोजक मागे हटले.

अलास्काचा धडा साधा आहे. शर्यत जनावराला वाचवू शकते, त्याचे काम वाचवू शकत नाही. आणि काम गेले की शर्यतीला हवे तसे जनावर घडत जाते.

परतलेला पट

१६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायमूर्ती अजय खानविलकर यांच्या पीठाने महाराष्ट्राला घटनापीठाचा निकाल येईपर्यंत शर्यतींची अंतरिम परवानगी दिली. तमिळनाडू आणि कर्नाटकात तसेच कायदे असून खेळ चालतात, मग महाराष्ट्राला वेगळा न्याय का, हा मुद्दा लागू पडला. करोनाची लाट ओसरली तसे पट सुरू झाले. १८ मे २०२३ रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालच्या पीठाने अंतिम निकाल दिला. तो न्यायमूर्ती अनिरुद्ध बोस यांनी लिहिला. एखादा खेळ संस्कृतीचा भाग आहे की नाही हे ठरवणे विधिमंडळाचे काम, आणि राज्यांच्या दुरुस्तीमुळे छळाचा मुद्दा पुरेसा हाताळला गेला आहे, असे त्यांनी म्हटले. परभणीपुरता एक योगायोगही घडला. मराठवाड्याच्या कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ ची; ज्या दिवशी दिल्लीत बैलाचा निकाल लागला, त्या दिवशी परभणीत शेती सुधारण्यासाठी उभारलेल्या संस्थेला एक्कावन्न वर्षे पूर्ण झाली.

परतलेला पट आधीसारखा नव्हता. बक्षिसांचे आकडे फुगले. मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या शर्यतीत पहिले बक्षीस जेसीबी होते. इतरत्र मोटारसायकली, चारचाकी, ट्रॅक्टर. आमदार-खासदारांचे फलक दाणीच्या लांबीपेक्षा मोठे. नामांकित बैलांचे स्वतःचे चाहते झाले, मोबाइलवर त्यांच्या धावा फिरू लागल्या, लाखांत सौदे होऊ लागले. तळेगाव दशासरला बायकाही धुरेवर बसल्या, ही या काळातली चांगली गोष्ट. आणि नियमांमुळे आर, बॅटरी, चाबूक यांवर निदान उघड वचक बसला. मैदानावर पशुवैद्यक उभा असणे ही जुन्या पटात कल्पनेपलीकडची गोष्ट होती.

पण बैलाच्या पायावर जिंकलेला ट्रॅक्टर ज्या शेतात जातो, त्या शेतातून बैलाची शेवटची जोडी निघते. बक्षीस देणाऱ्याच्या, घेणाऱ्याच्या किंवा टाळ्या वाजवणाऱ्याच्या मनाला हे खटकत नाही, कारण शर्यतीचा बैल आणि नांगराचा बैल हे आता दोन वेगळे प्राणी झाले आहेत. प्रेक्षकही बदलला आहे. दात पाहून वय सांगणारे म्हातारे दाणीच्या कडेला अजून बसतात. त्यांच्या पाठीमागे उभे असलेल्या मुलांतल्या बहुतेकांच्या घरी गोठा राहिलेला नाही. पोळ्याला मातीचे बैल पुजणारी घरे परभणी शहरात होतीच, आता खेड्यांतही झाली.

लाल कंधारी अजून संपलेला नाही. गंगाखेड, पालमकडच्या गावांत तांबड्या जोड्या दिसतात. लहान शेतकऱ्याच्या दोन-तीन एकरांत ट्रॅक्टर वळतच नाही, तिथे कोळपणी आणि सरीतली डवरणी अजून बैलच करतो. परभणीत कृषी विद्यापीठ आहे, पशुवैद्यक महाविद्यालय आहे. जातिवंत वळू राखण्याचे काम कागदावर आणि गोठ्यात दोन्हीकडे चालते. लाल कंधारीला टिकवायचे असेल तर त्याला पटावर पळवून ते होणार नाही; त्याच्या वाट्याचे काम, त्याचा कडबा आणि म्हातारपणी त्याला सांभाळण्याचा खर्च, या तीन गोष्टींची सोय लावावी लागेल. २०११ ते २०२३ या काळात राज्य सरकारने, खासदारांनी, आमदारांनी आणि शर्यतप्रेमींनी दिल्लीपर्यंत जाऊन जी चिकाटी दाखवली, तिचा काही अंश जरी या तीन गोष्टींसाठी लावला असता तरी चित्र वेगळे दिसले असते. पटाचा खटला बारा वर्षे चालला आणि जिंकला. नांगराच्या बैलाच्या बाजूने कोणी दावाच लावला नाही, आणि निकाल मात्र त्याच्या विरुद्ध लागून गेला.